टाऊन हॉल म्युझियममधली प्रदर्शनं : तारखा येतात कुठून?

कोल्हापुरात वर्षातून बऱ्याचदा कुणीतरी सांगतं की टाऊन हॉलला प्रदर्शन लागलंय, जाऊन या. कधी शस्त्रं, कधी नाणी, कधी मोडी कागद, कधी शाहू महाराजांचे फोटो. मग आपण म्हणतो की हे सरकारचं नवीन काहीतरी, पूर्वी नव्हतं असलं. पण नीट बघितलं तर या प्रदर्शनांच्या तारखा कुणी एकाने बसून ठरवलेल्या नाहीत. दरबाराचं एक कॅलेंडर होतं, त्यावर शाळेचं चढलं, आणि त्यावर परत सरकारी आणि आंतरराष्ट्रीय दिनविशेषांचं. आज जे दिसतं ते या तिघांचं मिळून झालेलं आहे, आणि कुठल्या थराचं काय हे कळलं की कुठलं प्रदर्शन बघण्यासारखं असणार याचा अंदाज आधीच येतो.

थोडं मागे जाऊया. आपल्याकडे म्युझियम हा प्रकारच मुळात प्रदर्शनातून आला. १८५५ ला पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी मुंबईत माल गोळा केला आणि त्याच धर्तीवरच्या वस्तू मागे ठेवून १८५७ ला मुंबईचं म्युझियम सुरू झालं, तेच १८७२ ला भायखळ्याच्या इमारतीत लोकांसाठी उघडलं, आजचं भाऊ दाजी लाड. नागपूरचं १८६३ चं, लोक अजून अजब बंगलाच म्हणतात त्याला. आपल्या बाजूला औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ ला डोंगरावर स्वतःचा चित्र-शिल्पांचा संग्रह लोकांना खुला केला. कोल्हापूर संस्थान औंधपेक्षा कितीतरी मोठं, चित्रकार पदरी, कुस्ती, नाटक, सिनेमा सगळं होतं, पण म्युझियम मात्र १९४६ पर्यंत नव्हतं. हे जरा विचित्रच वाटतं.

इमारत मात्र आधीच तयार होती. सीपीआर हॉस्पिटलसमोरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे न्यू पॅलेसचंही काम केलं. काळा दगड, उतरती छपरं, टोकदार मनोरे, भोवती बाग. पण ही जागा सभा-समारंभांसाठी होती, वस्तू मांडण्यासाठी नव्हे. म्हणून आतली मांडणी आजही जरा जुळवून घेतल्यासारखी वाटते, मधला मोठा हॉल उंचच उंच आणि कडेच्या खोल्या लहान, त्यात तात्पुरतं काही लावायचं म्हटलं की आधी कायमचं काहीतरी सरकवावं लागतं. म्युझियममध्ये नवीन प्रदर्शन लावणं म्हणजे काय कटकट असते ते अशा इमारतीत काम करणाऱ्याला विचारा.

आता खरी गोष्ट, ब्रह्मपुरी. पंचगंगेच्या काठाला, शिवाजी पुलाजवळची ती टेकडी. तिथे जुन्या वस्तीचे अवशेष आहेत हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनी तिथे शोध घेतला आणि धातूच्या वस्तूंचा एक साठाच हाती लागला. अभ्यासकांच्या लिखाणात तो कुंदणगारांच्या नावानेच ओळखला जातो. त्यात काय नव्हतं! ब्राँझची भांडी, आरसा, हत्तीवर बसलेल्या माणसांचं एक छोटं शिल्प, आणि वितीपेक्षाही लहान अशी एक मूर्ती, पोसायडनची. हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव. कोल्हापूरला समुद्र नाही पण समुद्राचा देव आहे, तो असा. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून रोमन जगाशी व्यापार चालायचा, त्या वाटेने हा माल वर आला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी कुणाच्या तरी घरात भूमध्य समुद्राकडची वस्तू होती. हे वाक्य मी कितीही वेळा लिहिलं तरी मला भारी वाटतं.

त्यानंतर १९४५-४६ ला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं, नाणी, मणी, मातीच्या वस्तू, आणि वर नंतरच्या काळातल्या वस्तीचे थर. त्याचा अहवाल १९५२ ला छापला गेला. पण तोपर्यंत थांबायची कुणाची तयारी नव्हती, वस्तू समोर होत्या, लोकांना त्या बघायच्या होत्या, आणि त्या ठेवायला जागा पाहिजे होती म्हणून १९४६ ला म्युझियम सुरू झालं. म्हणजे आपलं म्युझियम जन्मालाच मुळी ताज्या उत्खननाच्या प्रदर्शनासारखं आलं, आधी सापडलं, मग मांडलं, मग त्याचं म्युझियम झालं. आजकाल नवीन खोदकामाचं प्रदर्शन भरवलं की लोक कौतुक करतात, पण कोल्हापूरकरांना ती सवय ऐंशी वर्षांपूर्वीची आहे.

त्या काळाचं राजकारणही लक्षात घ्या. राजाराम महाराज १९४० ला गेले, नंतर गादीवर लहान मूल, कारभार कौन्सिलकडे, ते मूलही १९४६ ला गेलं, मग देवासहून शहाजी महाराज दत्तक आले. आणि १ मार्च १९४९ ला संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी म्युझियम टाऊन हॉलमध्ये आलं. म्हणजे दरबाराने सुरू केलेलं म्युझियम तीन वर्षांत सरकारी झालं आणि १९६० ला महाराष्ट्र शासनाचं. पाटी बदलली, पण लोकांच्या डोक्यातलं दरबारी कॅलेंडर तसंच राहिलं, त्याचा पुढे फार संबंध येतो.

कारण कोल्हापुरात प्रदर्शन बघायची सवय म्युझियमच्या कितीतरी आधीची आहे. दसरा चौकात शमीपूजनाला अंबाबाईची, भवानीची, गुरु महाराजांची पालखी येते, छत्रपती घराणं येतं, आणि महाराजांची ती मेबॅक गाडी. १९३० च्या दशकात राजाराम महाराजांनी घेतलेली, एरवी ती दिसत नाही, दसऱ्याला बाहेर पडते आणि लोक देवाइतकंच तिलाही बघायला उभे असतात. खरं सांगायचं तर हंगामी प्रदर्शनाचा याच्यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही, एकच वस्तू, एकच संध्याकाळ, तिकीट नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या गर्दी कमी होत नाही. घराघरांत आणि तालमीतालमीत शस्त्रपूजन होतं, जुन्या तलवारी, भाले, पट्टे त्या दिवशी पुसून मांडले जातात, मर्दानी खेळ होतात. त्यामुळे शस्त्र प्रदर्शन लावलं की कोल्हापुरात गर्दी होणारच, त्याला जाहिरात लागत नाही. टाऊन हॉलच्या आवारात तोफा आहेत, आत तलवारी आहेत, आणि खाजगी संग्राहक स्वतःच्या वस्तू द्यायला तयार असतात, म्हणून शस्त्रं हा विषय परत परत येतो. कंटाळा येण्याइतका परत येतो असंही म्हणता येईल.

मला विचाराल तर म्युझियमची दुसरी श्रीमंती त्या मानाने मागे राहते, ती म्हणजे चित्रं. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर, बाबा गजबर, रवींद्र मेस्त्री, अशी अख्खी कोल्हापूरची परंपरा तिथे भिंतीवर आहे. आबालाल तर शाहू महाराजांच्या दरबारचे. शहरात चित्र प्रदर्शनं भरपूर होतात, शाहू स्मारक भवनात तर सतत काही ना काही चालू असतं, पण आजच्या पोरांची चित्रं तिकडे आणि त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीची इकडे, मध्ये पाच-दहा मिनिटांचं अंतर, आणि दोन्ही बघणारे लोक फार थोडे. जे फक्त शस्त्रं बघून बाहेर पडतात त्यांनी एकदा आबालालांच्या चित्रासमोर पाच मिनिटं थांबावं, बास.

आता शाळेचं कॅलेंडर. कोल्हापूरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, जूनमध्ये शाळा सुरू होते आणि तेव्हापासून गणपतीपर्यंत कुणी सहल काढत नाही. सहली निघतात दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी, बसेस भरून पोरं येतात, अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, आणि वेळ उरला तर टाऊन हॉल. नेमका त्याच काळात १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह येतो. १६ नोव्हेंबर १९७२ ला युनेस्कोचा जागतिक वारशाचा करार झाला, त्याच्या आसपासचा हा आठवडा आपल्याकडे पाळला जातो. तारीख पॅरिसमधल्या करारामुळे आलेली, पण कोल्हापुरात ती सहलींच्या हंगामात पडली, म्हणून चालली. त्या आठवड्यात व्याख्यानं, नाणी, मोडी, शिलालेख वाचन, हेरिटेज वॉक असे कार्यक्रम होतात आणि प्रेक्षक आयतेच मिळतात.

१८ मे चा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन बघा, तो १९७७ पासून जगभर पाळतात. तो आपल्याकडे ऐन उन्हाळी सुट्टीत येतो, म्हणजे शाळा नाही, पण घरात कंटाळलेली पोरं आणि पाहुणे आहेत, म्हणून त्या दिवशी शिबिरासारखे, पोरांना हातात काही करायला देणारे कार्यक्रम चांगले जमतात आणि गंभीर व्याख्यान लावलं की खुर्च्या रिकाम्या. १८ एप्रिलचा वारसा दिन मात्र परीक्षा आणि ऊन यांच्या मध्ये सापडतो, त्याचं फार काही होत नाही.

आणि याच सरकारी दिनविशेषांत, शाहू महाराज. २६ जून जयंती, ६ मे स्मृतिदिन. जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून राज्यभर साजरी होते, पण कोल्हापुरात ती घरची गोष्ट आहे. २०२२ ला महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली तेव्हा ६ मे ला सगळं शहर १०० सेकंद जागेवर थांबलं होतं. चौकातली वाहनं, दुकानं, ऑफिसं, सगळं. त्या निमित्ताने शाहू मिलच्या आवारात कार्यक्रम आणि प्रदर्शनं झाली, बंद पडलेली मिल कित्येकांनी आतून पहिल्यांदा बघितली. माझ्या मते अलीकडच्या काळातला सगळ्यात चांगला सार्वजनिक कार्यक्रम तोच, कारण जागाच मुळात विषयाचा भाग होती. एरवी जयंतीला सगळीकडे तेच होतं, २६ जुलै १९०२ च्या पन्नास टक्के आरक्षणाच्या जाहीरनाम्याची प्रत, वसतिगृहांचे फोटो, राधानगरी धरणाचा फोटो, आणि फ्लेक्स. फ्लेक्सला माझा विरोध नाही, पण फ्लेक्स बघायला म्युझियम कशाला लागतं?

आणि म्युझियम म्हटलं की गोंधळ होतोच, तर तेही सांगून टाकतो. न्यू पॅलेसमधलं शाहू म्युझियम हे छत्रपती घराण्याच्या ट्रस्टचं, १९७४ चं, म्हणजे महाराजांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातलं. टाऊन हॉलचं शासनाचं, पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये खात्याचं. कसबा बावड्याचा लक्ष्मी विलास पॅलेस, जिथे १८७४ ला महाराजांचा जन्म झाला, तोही शासनाकडे आहे आणि तिथे महाराजांवरचं म्युझियम उभं करण्याचं काम बरीच वर्षं रेंगाळत रेंगाळत चाललं. पर्यटक एकाचं तिकीट काढतात आणि दुसऱ्याबद्दल विचारतात.

लक्ष्मी विलासचं नाव सगळ्या महाराष्ट्राला परत ऐकू आलं ते वाघनखांमुळे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमबरोबर २०२३ ला तीन वर्षांचा करार झाला, जुलै २०२४ ला वाघनखं साताऱ्यात आली, मग नागपूर, मग कोल्हापूर, आणि कोल्हापूरचा मुक्काम लक्ष्मी विलास पॅलेसात. आता यावर वाद आहेच. ती साताऱ्यात असलेल्या ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या घराण्याकडून त्या म्युझियमकडे गेली, आणि अफजलखानाच्या वेळची हीच ती असं सिद्ध करता येत नाही हे त्या म्युझियमने स्वतःच म्हटलंय. पण प्रदर्शनाच्या दृष्टीने बघितलं तर यात नवीन काही घडलं, ते म्हणजे वस्तू फिरली. आतापर्यंत आपल्याकडे प्रदर्शन म्हणजे आहे तेच कपाटातून काढून टेबलावर ठेवायचं. उसनी आणलेली वस्तू, तिचा विमा, तिची सुरक्षा, काचेच्या पेटीतली दमटपणाची काळजी, हे सगळं जिल्ह्यांच्या गावांतल्या यंत्रणेला पहिल्यांदा करावं लागलं. वाघनखं परत जातील, पण हे शिकलेलं तरी राहावं, कारण उद्या डेक्कन कॉलेजकडून ब्रह्मपुरीचं काही आणायचं म्हटलं तर हेच सगळं लागणार.

त्यात जुलै २०२५ ला पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. त्यामुळे नोव्हेंबरच्या त्या आठवड्याला कोल्हापुरात आता वेगळं वजन आलंय, आत्तापर्यंत जागतिक वारसा म्हणून वेरूळ-अजिंठ्याचे फोटो लावायला लागायचे, आता बसने तासाभरात जाता येईल असा वारसा आहे. सहली तशाही पन्हाळ्याला जाणारच, फक्त जाताना नाहीतर येताना टाऊन हॉलला थांबल्या पाहिजेत, आणि मास्तरांना एक सांगा, सोमवारी बंद असतं.