ऑक्सफर्डमधली भिंत आणि वस्ती मोजण्याचं शास्त्र

१९३४ सालच्या डिसेंबरात ऑक्सफर्डच्या उत्तर टोकाला, कट्सलो नावाच्या वस्तीत, एका घरबांधणी कंपनीने दोन रस्त्यांवर आडव्या भिंती घातल्या. उंची दोन मीटरहून जास्त, वर लोखंडी टोकं. अलीकडे नगरपालिकेची भाड्याची घरं, पलीकडे कंपनीने विकायला काढलेली खाजगी घरं. शहरातल्या जीर्ण वस्त्यांमधून उठवलेली काही कुटुंबं नगरपालिकेने इथे आणून बसवली होती, आणि असा शेजार पाहून आपल्या घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही अशी कंपनीला धास्ती होती. भिंतीमुळे भाडेकरूंना बॅनबरी रोड या मुख्य रस्त्यावर यायला लांबचा वळसा पडू लागला. १९३५ मध्ये आंदोलक भिंती पाडायला निघाले, पोलिसांनी अडवलं. १९३८ मध्ये खुद्द नगरपालिकेने त्या पाडल्या. कंपनी कोर्टात गेली आणि भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. युद्धाच्या काळात एक रणगाडा त्यातल्या एका भिंतीतून आरपार गेला, तर तीही परत बांधून झाली! शेवटी नगरपालिकेने भिंतींखालच्या जमिनीच्या पट्ट्या विकत घेतल्या आणि ९ मार्च १९५९ रोजी पहिला घाव घातला.

या भिंतीच्या दोन्ही अंगांना राहणारे जवळजवळ सगळे गोरे होते आणि इंग्रजीच बोलत होते. फरक होता तो वर्गाचा. आज ब्रिटनमधल्या शहरांच्या ‘विविधते’बद्दल बोलताना आपण वंश, देश आणि रंग एवढंच डोळ्यांपुढे आणतो. म्हणून या लेखाची सुरुवात मुद्दाम या भिंतीपासून केली आहे.

माणसं एकमेकांपासून किती अलग राहतात हे आकड्यात कसं सांगायचं? त्यासाठी १९५५ मध्ये ओटिस डंकन आणि बेव्हर्ली डंकन या अमेरिकी दांपत्याने रूढ केलेलं एक माप समाजशास्त्रज्ञ अजूनही वापरतात. त्याला आपण विलगता निर्देशांक म्हणू. त्यामागचा प्रश्न सोपा आहे: शहराच्या प्रत्येक भागात दोन्ही गटांचं प्रमाण सारखं व्हायचं, तर एका गटातल्या शंभरातल्या किती जणांना घर बदलावं लागेल? उत्तर शून्य आलं तर वस्ती पूर्ण मिसळलेली, शंभर आलं तर पूर्ण तुटलेली. डंकन दांपत्याला शिकागोत असं आढळलं की व्यवसायांच्या उतरंडीत अगदी वरचे आणि अगदी खालचे लोक सर्वांत अलग राहतात, मधले बरेच मिसळतात. पीटर कॉलिसन आणि जॉन मोगी या दोन अभ्यासकांनी १९५० च्या दशकात हीच पट्टी ऑक्सफर्डला लावून पाहिली. पुढे कॉलिसन यांनी कट्सलोच्या भिंतींवर स्वतंत्र अभ्यास केला.

आता गंमत पाहा. कट्सलोच्या दोन्ही बाजू मिळून एकच ‘भाग’ धरला, तर त्या भागापुरती मोजणी सांगेल की इथे भाडेकरू आणि घरमालक छान एकत्र नांदतात. तीच मोजणी भिंतीच्या रेषेवर दोन भाग पाडून केली, तर निर्देशांक जवळजवळ शंभर. घरं तीच, माणसंही तीच, फक्त नकाशावरची रेघ हलली. भूगोलाच्या अभ्यासकांना ही अडचण चांगली ठाऊक आहे, आणि तिच्यावर कायमचा तोडगा नाही. ब्रिटिश जनगणनेचे छोटे विभाग साधारण एक ते तीन हजार लोकांचे असतात. खरी भिंत त्यांच्या हद्दीवरच येईल याची खात्री कोण देणार?

ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्याला दगडी कॉलेजं आणि काळे झगे आठवतात. पण शहराच्या पूर्वेला काउली आहे, आणि काउलीला मोटारी बनतात. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेला, सायकली दुरुस्त करणारा विल्यम मॉरिस याने १९१३ मध्ये तिथे पहिली मॉरिस ऑक्सफर्ड गाडी तयार केली. मंदीच्या वर्षांत वेल्समधल्या कोळसा खाणी बंद पडू लागल्या, तेव्हा तिथले खाणकामगार मोठ्या संख्येने काउलीच्या कारखान्यांत आले. उच्चार वेगळा, चालीरीती वेगळ्या, आणि संघटना बांधायची सवय अंगात मुरलेली. त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये ‘बाहेरचे’ ते हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आणि पाकिस्तानातून लोक आले. काउली रस्त्याच्या आसपासची दुकानं, खाणावळी आणि मशिदी ही त्याच स्थलांतराची खूण. शहराच्या आग्नेय टोकाला ब्लॅकबर्ड लेज ही नगरपालिकेची मोठी वसाहत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून उभी राहिली. तिच्या परिसरातले काही विभाग आजही इंग्लंडमधल्या सर्वाधिक वंचित विभागांत मोजले जातात, आणि कॉलेजांचे मनोरे तिथून बसने अर्ध्या तासाच्या आत येतात.

मॉरिस पुढे लॉर्ड नफील्ड झाला. १९३७ मध्ये त्याने विद्यापीठाला कॉलेजसाठी जमीन आणि नऊ लाख पौंड दिले. त्याचा ओढा अभियांत्रिकीकडे होता, पण विद्यापीठाने त्याला समाजशास्त्रांकडे वळवलं. त्याच नफील्ड कॉलेजात जॉन गोल्डथॉर्प आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे १०,००० पुरुषांची पाहणी केली. (स्त्रियांना वगळल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती.) मोटारींच्या पैशातून वर्गाचं शास्त्र उभं राहिलं, ही गोष्ट मला या शहराबद्दल सर्वांत विलक्षण वाटते. गोल्डथॉर्प यांनी वर्ग ठरवताना ‘पगार किती?’ हा प्रश्न मुख्य मानला नाही. मालकाशी नातं कसलं, हे त्यांनी पाहिलं. एकीकडे बढती, पेन्शन, कामात मोकळीक आणि विश्वास. दुसरीकडे तासावर किंवा नगावर मोजलेली मजुरी आणि डोक्यावर मुकादम. ब्रिटनची अधिकृत वर्गवारी २००१ च्या जनगणनेपासून याच विचारावर बेतलेली आहे. तिच्यात पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा कप्पा मात्र निराळा असतो, त्यांना वर्गच नसतो. २०२१ मध्ये ऑक्सफर्डची लोकसंख्या होती सुमारे १,६२,०००. एकट्या ऑक्सफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी २५ हजारांच्या आसपास, शिवाय ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठाचे वेगळे. म्हणजे शहराचा केवढा मोठा हिस्सा वर्गाच्या तक्त्यातून आधीच बाजूला पडतो! वांशिकतेच्या तक्त्यात मात्र तो पुरेपूर मोजला जातो.

वांशिक गटाचा प्रश्न इंग्लंडच्या जनगणनेत आला तो थेट १९९१ साली. उत्तर माणसाने स्वतः द्यायचं असतं, कुणी चेहरा पाहून ठरवत नाही. ऑक्सफर्डहून तासाभरावर असलेल्या स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोवेकरांची मोठी वस्ती आहे. जन्म भारतातला, पासपोर्ट पोर्तुगालचा, मग वांशिक गटाच्या रकान्यात कुठल्या चौकटीत खूण करायची, ते ज्याचं त्यानेच ठरवायचं.

२०२१ च्या मोजणीत ऑक्सफर्डमध्ये गोरे सुमारे ७१ टक्के, आशियाई १५, मिश्र वंशाचे साडेपाच, कृष्णवर्णीय पावणेपाच आणि उरलेले इतर. यावरून विविधतेचा एक आकडा काढता येतो. त्याचं सूत्र दिलं एडवर्ड सिम्पसन यांनी, १९४९ मध्ये; युद्धकाळात ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्यांपैकी ते एक. जंगलातल्या प्रजाती मोजणारेही हेच सूत्र वापरतात. चिठ्ठ्या टाकून शहरातली कुठलीही दोन माणसं उचलली, तर ती वेगवेगळ्या गटांतली असण्याची शक्यता किती? वरचे आकडे घालून ऑक्सफर्डसाठी उत्तर येतं सुमारे ४७ टक्के, आणि सबंध इंग्लंड-वेल्ससाठी सुमारे ३२.

पण या ४७ मध्ये वर्ग कुठे आहे? कुठेच नाही. समजा, हेडिंग्टनच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात एक भारतीय शल्यविशारद आहे आणि रात्रपाळीला फरशी पुसणारी एक भारतीय बाई आहे. सिम्पसनच्या सूत्राला ती दोघं एकसारखी. गोल्डथॉर्पच्या तक्त्यात ती दोन टोकांना. विद्यापीठाच्या शहरात परदेशातून येणारी माणसं शिडीच्या वरच्या आणि खालच्या पायऱ्यांवर एकाच वेळी येतात. एकाला प्रयोगशाळा बोलावते, दुसऱ्याला बस डेपो, हॉटेल, वृद्धाश्रम. म्हणून दोन वेगवेगळे तक्ते शेजारी ठेवून भागत नाही. वर्ग आणि वांशिकता एकाच तक्त्यात उभी-आडवी मांडावी लागते, तेव्हा कुठे माणसं दिसू लागतात.

न मांडल्यास काय होतं, ते डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. स्थलांतरित जास्त साक्षर होते म्हणावं, तर व्यक्तिगणिक पाहता त्यांच्यातच निरक्षरता थोडी अधिक होती! ते जाऊन राहिले होते मुळातच साक्षर असलेल्या राज्यांत, इतकंच. वॉर्डाच्या सरासरीवरून त्यातल्या माणसाबद्दल बोलणारे आजही याच खड्ड्यात पडतात.

हा गुंता जुना आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या, पण बाई म्हणून सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले तेव्हा १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोचल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा देणाऱ्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री. पदवी हाती आली ती १९२२ मध्ये. त्यांच्याजवळ शिक्षण होतं, मोठ्या ओळखी होत्या, तरी रंग आणि बाईपण आडवं आलंच. आज ऑक्सफर्डच्या पदवी वर्गांत प्रवेश घेणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांपैकी चारात एकाहून जास्त जण अल्पसंख्य वांशिक गटांतले असतात, आणि ही वाढ मला मनापासून आनंदाची वाटते. पण सरकारी शाळांमधून येणारे मात्र साधारण दोन तृतीयांशच, जरी देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं सरकारी शाळांत शिकतात.

कट्सलोच्या भिंती जाऊन साठ वर्षं उलटली. आता तिथे नुसता रस्ता आहे आणि २००६ मध्ये लावलेली एक निळी पाटी. अल्ड्रिच रोडने चालत निघालं की जिथे भिंत होती, त्या जागी रस्त्याचं नाव बदलतं, आणि पुढे वुल्झी रोड सुरू होतो.