ग्लायोब्लास्टोमावरील नॅनोउपचार

ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांच्या मेंदूत होणारी सर्वांत आक्रमक कर्करोगाची गाठ (श्रेणी ४). तिच्यापर्यंत औषध, जनुकीय रेणू किंवा उष्णता पोचवण्यासाठी साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे कण वापरण्याच्या पद्धतींना नॅनोउपचार म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

प्रस्थापित उपचाराचा गाभा २००५ पासून तोच आहे: जमेल तेवढी गाठ कापून काढायची, मग सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमो औषधाच्या कॅप्सूल. जत-आटपाडीकडून मिरजेला आलेल्या रुग्णाचे वेळापत्रकही सहसा हेच, सोमवार ते शुक्रवार रोज एकदा याप्रमाणे ३० वेळा किरणोपचार. मूळ चाचणीत या कॅप्सूलमुळे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेले. वाढ अडीच महिन्यांची.

अडचण औषधाच्या ताकदीपेक्षा ते पोचण्याची आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. हा रक्त-मेंदू अडथळा बहुतेक औषधांना आत सोडत नाही. गाठीच्या मध्यभागी तो फाटलेला असतो. कडेला, निरोगी मेंदूत घुसलेल्या पेशींभोवती मात्र तो बराचसा शाबूत राहतो आणि गाठ बहुधा तिथूनच परतते.

सांगलीच्या हळदीतही पोचण्याचीच अडचण दिसते. तिच्यातला करक्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत या गाठीच्या पेशी मारतो. पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून जेमतेम शोषला जातो आणि यकृत त्याची लगेच विल्हेवाट लावते. म्हणून संशोधक तो मेदाच्या किंवा पॉलिमरच्या नॅनोकणांत भरून पाहतात. हे काम मुख्यतः पेशी आणि प्राण्यांपुरते आहे. केमो सोडून हळदीचे दूध घ्या, हा पाव्हण्यारावळ्यांचा सल्ला त्यातून निघत नाही.

माणसांवर बराच पुढे गेला तो जर्मनीतला चुंबकीय उपचार. लोह-ऑक्साइडचे कण थेट गाठीत सोडून बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने तापवायचे. युरोपात त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. गाठ परतलेल्या ५९ रुग्णांत, किरणोपचाराच्या जोडीने, परतल्याच्या निदानापासून मध्यक आयुर्मान १३.४ महिने भरले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. शिवाय दातांत भरलेला धातू आधी काढावा लागे, आणि कण गाठीतच राहिल्याने पुढे एमआरआयवर तो भाग नीट दिसत नसे.

अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आरएनए हा जनुकीय रेणू चिकटवलेले सोन्याचे नॅनोकण ८ रुग्णांना शिरेतून दिले. २०२१ च्या अहवालानुसार नंतर काढलेल्या गाठीत सोने सापडले, म्हणजे कण पोचले. आयुष्य किती वाढते हे तपासण्यासाठी ती चाचणी नव्हती.

मिरज-कराडच्या रुग्णाला कोणी ‘नॅनो’ नावाने महागडे औषध सुचवले, तर ते चाचणीचा भाग आहे का हे आधी विचारावे. भारतातील औषधचाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियामध्ये कोणालाही विनामूल्य पाहता येते.