‘उंदरांवर सिद्ध झालंय’ म्हणजे नेमकं काय?

“माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने म्हातारपणचा विसराळूपणा जातो, उंदरांवर सिद्ध झालंय,” हे वाक्य रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत औषधाच्या दुकानात ऐकू येतं. अर्धं खरं आहे.

उंदरांच्या स्मरणशक्तीची चाचणी बहुधा पाण्याच्या गोल टाकीत होते. पाणी गढूळ करतात, पृष्ठभागाखाली छोटा चौथरा लपवतात आणि उंदराला तो किती वेळात सापडतो ते मोजतात. मेख इथेच आहे. २४ महिन्यांचा म्हातारा उंदीर हळू पोहतो, त्याला कमी दिसतं. पोहण्याचा वेग आणि नजर वेगळी तपासली नाही, तर थकव्यालाच विस्मरण समजलं जातं.

दुसरी मेख मात्रेची. मोठ्या जातीच्या उंदराला (रॅट) किलोमागे ३०० मिग्रॅ डीएचए (माशाच्या तेलातला ओमेगा-३ प्रकारचा स्निग्ध घटक) दिलं, तर शरीराच्या आकारातल्या फरकामुळे माणसासाठी त्याला ६.२ ने भागायचं: किलोमागे सुमारे ४८ मिग्रॅ. ६० किलोच्या आजोबांना रोज २,९०० मिग्रॅ. साध्या १,००० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये डीएचए सहसा १२० मिग्रॅ, म्हणजे २४ कॅप्सूल! एवढ्या घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मुळीच नको.

माणसांवरही पाहिलं गेलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत वयस्करांनी ओमेगा-३ पाच वर्षं घेतलं, स्मरणशक्तीत फरक पडला नाही. ताटातले पेडवे, बांगडे खुशाल खा. ते जेवण आहे, औषध नव्हे.