वस्त्रोद्योगातील हरित पुरवठा साखळी

कापसाच्या शेतापासून वापरून टाकलेल्या कपड्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर लागणारे पाणी, इंधन व रसायने मोजून ती कमी करणे आणि त्याचा पुरावा पुढच्या खरेदीदाराला देणे, या व्यवस्थेस वस्त्रोद्योगातील हरित पुरवठा साखळी म्हणतात. एका सदऱ्यामागे जिनिंग (कापसातून सरकी काढणे), सूतकताई, सायझिंग (सुताला कांजी लावणे), विणकाम, रंगाई व शिलाई अशी निरनिराळ्या मालकांची कामे असतात आणि ती बहुधा निरनिराळ्या गावांत होतात. इचलकरंजीत व्यापाऱ्याकडून बिमे (ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ) घेऊन मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला यंत्रमागधारक सूत कोणते, त्याला कांजी कोणती, हे ठरवत नाही. त्यामुळे साखळी हरित करण्याचा खर्च माल देणाऱ्याने व घेणाऱ्याने उचलला नाही, तर त्याचा भार ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्यावरच पडतो.

पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत अवघड टप्पा रंगाईचा आहे. सुती कापडासाठी मुख्यतः रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे, रंग वापरतात आणि ते धाग्यावर चढावेत म्हणून पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. १०० किलो कापडाला दहापट, म्हणजे १,००० लिटर पाणी आणि लिटरमागे ६० ग्रॅम मीठ धरले, तर एका वेळच्या रंगाईत ६० किलो मीठ सांडपाण्यात जाते. त्याबरोबर धाग्याला न चिकटलेला रंगही जातो. सूक्ष्मजीवांच्या साह्याने केलेल्या जैविक शुद्धीकरणाने सेंद्रिय घाण कमी होते, पण विरघळलेले मीठ तसेच राहते आणि नदीत व विहिरींत उतरते. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तमिळनाडूतील तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, त्यामागे हेच कारण होते. त्यानंतर तेथे ‘शून्य द्रव विसर्ग’ पद्धत रुजली. तीत पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलांतून गाळून पुन्हा वापरतात व उरलेले खारे द्रावण आटवून मीठ परत मिळवतात. ही पद्धत खर्चिक आहे आणि तिला वीज व इंधनही पुष्कळ लागते. म्हणून मीठ मुळातच कमी घालणे अधिक शहाणपणाचे ठरते. कमी पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत तेच काम सहापट पाण्यात झाले, तर मीठ ३६ किलोंवर येते. कापडाला रंग पाजून ते गुंडाळून थंडच ठेवण्याच्या पद्धतीत तर मीठ लागतच नाही.

पुणे हे सोलापूर किंवा इचलकरंजीप्रमाणे कापडाचे शहर नाही. स्टेशनजवळची राजा बहादूर मोतीलाल गिरणीही इतिहासजमा झाली. या साखळीत पुण्याचे महत्त्व रंगाईघरांना लागणाऱ्या यंत्रसामग्रीमुळे आहे. बॉयलर व जलशुद्धीकरण क्षेत्रातील थरमॅक्स, वाफेच्या तंत्रज्ञानातील फोर्ब्स मार्शल आणि औद्योगिक सांडपाण्यावर काम करणारी प्राज या कंपन्या पुण्याच्या आहेत. रंगाईघरात वाफ उष्णता देऊन पुन्हा पाणी होते. हे जवळजवळ उकळते, क्षारविरहित पाणी बॉयलरकडे परत नेले, तर बॉयलरच्या पाण्याचे तापमान ६ अंशांनी वाढण्यामागे साधारण १ टक्का इंधन वाचते. मात्र यंत्रातील नळी गळत असेल, तर त्यात रंग मिसळून बॉयलर खराब होण्याची भीती असते आणि त्या भीतीपोटी चांगले पाणीही गटारात सोडले जाते. परतीच्या नळीवर पाण्याची विद्युत्‌वाहकता (ती क्षार मिसळले की वाढते) मोजणारा सेन्सर बसवला, की दूषित पाणी तेवढे वेगळे काढता येते. अशा लहान सुधारणांची चर्चा फारशी होत नाही, पण त्यांचा खर्च लवकर भरून निघतो.

साखळीच्या पुराव्यासाठी प्रमाणपत्रे असतात. सेंद्रिय कापडाच्या ‘गॉट्स’ (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड) या मानकात किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात आणि मालाच्या प्रत्येक विक्रीला वजनासह व्यवहार प्रमाणपत्र जोडावे लागते. घेतलेल्या कापसापेक्षा अधिक माल सेंद्रिय म्हणून खपवण्यास त्यामुळे आळा बसतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. महाराष्ट्र शासनाचे २०२३-२८ चे वस्त्रोद्योग धोरणही ‘एकात्मिक व शाश्वत’ या नावाने आले आहे.

साखळीचे शेवटचे टोक पुण्यात जुनेच आहे. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बोहारणी ही टाकाऊ कपड्यांची वर्गवारी कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत. धड कपडे पुन्हा विकले जातात, फाटक्यांच्या चिंध्या होतात. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्थाही जुने कपडे गोळा करते. इकोकारी व रीचरखा या संस्था टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतात. जुन्या कापडाचे पुन्हा सूत करणे मात्र कठीण आहे. पिंजताना तंतू आखूड होतात, म्हणून त्यांत नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावे लागते. आजचा बराचसा कपडा सुती-पॉलिस्टर मिश्रणाचा असतो आणि हे दोन्ही तंतू यांत्रिक रीतीने वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी रासायनिक प्रक्रियाच करावी लागते.