कृपादान आणि आत्म्याचे फळ: मंडळीत काम सोपवताना काय पाहावे

उत्तम संदेश देणारा माणूस आत्मिकदृष्ट्या पक्व असणारच, असे आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) सहज धरून चालतात. नागपुरात सदरपासून जरीपटक्यापर्यंत कुठेही हेच ऐकू येते. पण संदेश देणे हे कृपादान, म्हणजे पवित्र आत्म्याने सेवेसाठी दिलेली देणगी आहे, आणि पक्वता कळते ती आत्म्याच्या फळावरून, म्हणजे त्याच्यामुळे स्वभावात वाढणाऱ्या गुणांवरून. दोन्ही एकाच आत्म्याकडून येतात, म्हणून गल्लत होते.

कृपादाने वाटून दिलेली असतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (रोम १२:६-८) सात आहेत: संदेश, सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, अधिकार आणि दया. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१ करिंथ १२:८-१०) नऊ आहेत आणि ती बरीच वेगळी आहेत, त्यामुळे कोणतीही एक यादी पूर्ण समजू नये. सगळी दाने एकाला मिळत नाहीत आणि एकच दान सगळ्यांना मिळत नाही. फळाचे तसे नाही. गलती ५:२२-२३ मधली प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन ही नऊही प्रत्येक विश्वासणाऱ्यात वाढायला हवीत. म्हणून ‘माझा स्वभावच तापट, सौम्यता मला दिलेलीच नाही’ ही सबब चालत नाही. तसेच अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) न बोलणाऱ्याला कमी लेखणेही चुकीचे आहे. ‘सगळेच अन्य भाषांत बोलतात काय?’ असे ही पत्रे लिहिणारा प्रेषित पौल १ करिंथ १२:३० मध्ये स्पष्ट विचारतो.

दान नव्या विश्वासणाऱ्यातही लवकर दिसू शकते. फळाला वर्षे लागतात. करिंथची मंडळी याचे ठळक उदाहरण आहे. ती कोणत्याही कृपादानात उणी नव्हती (१ करिंथ १:७), तरी हेवा आणि भांडणांमुळे पौल तिला बाळकांसारखी म्हणतो (३:१-३).

खरा गोंधळ होतो तो दया आणि ममता यांत. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात आजारी शेजाऱ्याला भेटायला जाणे, त्याच्या घरी डबा पोहोचवणे ही ममता, आणि ती सर्वांकडून अपेक्षित आहे. दयेचे दान असलेली व्यक्ती मात्र आठवड्यामागून आठवडे जाते, कुरकुर न करता, हर्षाने. तिच्या येण्याने रोग्याला खरोखर धीर येतो. दानधर्माचेही असेच आहे: द्यायचे सर्वांनी, पण काहींना गरज ओळखून औदार्याने देण्याची विशेष देणगी असते.

उपजत किंवा कमावलेले कौशल्य ही आणखी वेगळी गोष्ट. १८४५ मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप खडक आणि जीवाश्मांचे जाणकार होते. ही विद्या कृपादानांच्या कोणत्याही यादीत नाही, आणि त्यामुळे तिची किंमत कमी होत नाही.

आपले दान शोधायचे तर प्रश्नावलीपासून सुरुवात करू नका. जिने अजून काही सेवाच केलेली नाही ती व्यक्ती प्रश्नावलीत आपली आवड लिहिते. आधी मंडळीची गरज पाहा आणि एक काम निदान तीन महिने करा: संडे स्कूलचा एक वर्ग, रुग्णभेट, किंवा मे महिन्यातल्या व्हीबीएसची (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेची) व्यवस्था. मग तुम्हाला काम करताना पाहिलेल्या दोघा-तिघा अनुभवी माणसांना विचारा, ‘यातून कोणाला काय लाभ झाला?’ कसोटी हीच, कारण दान सर्वांच्या हितासाठी असते (१ करिंथ १२:७). मुलांना धडा कळलाच नाही, पण हजेरी, खाऊ, रिक्षा सगळे चोख झाले, तर शिकवणे सोडून व्यवस्था हाती घ्या. यात कमीपणा काही नाही.

फळाची चौकशी वेगळ्या ठिकाणी करावी लागते: घरी, देण्याघेण्यात, विरोध झाल्यावर. १ तीमथ्य ३:२-७ मधल्या मंडळीच्या अध्यक्षाच्या गुणांत शिकवण्याची हातोटी एकदाच येते; बाकी जवळजवळ सगळे शीलाविषयी आहे, आणि तो नवशिका नसावा असेही बजावले आहे. मंडळ्या नेमक्या इथेच घाई करतात. गोड गळ्याच्या किंवा फर्ड्या तरुणाला चार महिन्यांत तरुण संघाचा प्रमुख नेमतात, पुढे तो अहंकाराने किंवा पैशाच्या व्यवहारात घसरतो आणि सगळे चकित होतात.

एखाद्याचे दान ठळक पण फळ कोवळे असेल, तर त्याचे काम काढून घेऊ नका. घरभेटीला त्याला प्रौढ जोडीदारासोबत पाठवा, वर्गणी त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नका, आणि त्याच्या संदेशाची पारख नंतर इतरांनी करावी. १ करिंथ १४:२९ मध्ये हीच पद्धत सांगितली आहे.