डीजे तीन गल्ल्या पलीकडे, किणकिणाट आपल्या मांडणीत

तुळशीची लग्नं लागली की इंदूरमधली मॅरेज गार्डनं जागी होतात. सुदामानगर असो की लोकमान्यनगर, रात्री नऊ-साडेनऊला मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या बारीक किणकिणायला लागतात. गाणं कुठलं ते कळत नाही, शब्द तर एकही पोचत नाही. येतं ते फक्त धप् धप् धप्. वरात असते दोन-तीन गल्ल्या पलीकडे, आणि कुणी काही बोललंच तर उत्तर ठरलेलं: "अहो, एवढ्या लांबून कसला आलाय त्रास?"

तर लांबचा हिशोब आधी करू. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर १०० डेसिबल असेल तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८, आणि असं करत करत ३२० मीटरवरही ७० उरतो. मध्ये घरं असली की आणखी कमी होतो, पण सगळाच आवाज सारखा कमी होत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. झांजेच्या किंवा गायिकेच्या वरच्या सुरांच्या लहरी वीतभर किंवा त्याहूनही आखूड असतात. भिंत आडवी आली की बहुतेक तिथेच अडतात. बेसची, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांची गोष्ट वेगळी: ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) एक लहर जवळजवळ ७ मीटर लांब. ती घराला वळसा घालून मागच्या गल्लीत उतरते, आणि खिडकीची पातळ काच तिला फारशी अडवू शकत नाही. म्हणून गाणं वाटेत गळतं आणि धप् तेवढं घरात येतं.

त्यात थंडीची भर. शब-ए-मालवा म्हणून आपण ज्या रात्रीचं कौतुक करतो, तिचं एक वैशिष्ट्य असं की आभाळ निरभ्र असलं की जमीन भराभर निवते. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार, असा उलटा थर तयार होतो. उबदार हवेत आवाज जास्त वेगानं जातो, त्यामुळे वर निघालेल्या लहरी वाकून पुन्हा खाली येतात. दुपारी कधी ऐकू न येणारी रेल्वेची शिट्टी जानेवारीच्या रात्री अगदी उशाशी वाजल्यासारखी वाटते ती यामुळेच. लग्नसराई नेमकी याच दिवसांत यावी, हा योग काही फार बरा नाही.

मोबाइलवर ॲप उघडून आवाज मोजणारे बरेच असतात. मोजा, पण आकड्याचा स्वभाव ओळखून मोजा. डेसिबलचं माप सरळ वाढत नाही: १० नं वाढ म्हणजे ऊर्जा दसपट, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. तिथे दिवसा ६५ आला तर "दहाच तर जास्त" म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय कायद्यातलं माप 'ए' पद्धतीचं. ते माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी धरतं, ५० हर्ट्झला तर तब्बल ३० डेसिबलनं. १०० डेसिबलचा धप् मीटरवर ७० म्हणून दिसतो. वाट्या किणकिणतात आणि मीटर मात्र निवांत!

सरासरीही अशीच फसवी. शयनघरात रात्रभर ४५ डेसिबल आहे आणि मध्येच एका फटफटीनं दोन सेकंद ७५ डेसिबलचा हॉर्न मारला, तर आठ तासांच्या सरासरीत जेमतेम पाव-अर्ध्या डेसिबलचा फरक पडेल. झोप मात्र मोडलेली असते. "आम्हाला सवय झाली," असं रस्त्यालगत राहणारी माणसं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. मेंदू जाग येऊ न देण्याची थोडीफार सवय लावून घेतो; हृदयाचे ठोके तरीही प्रत्येक हॉर्नला क्षणभर वाढतात. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना रस्त्यांच्या आवाजाकडे निव्वळ कटकट म्हणून बघत नाही.

घरात काय करता येईल? भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात पैसे घालवू नका. त्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. आधी फटी शोधा. सात फूट उंच, तीन फूट रुंद दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा अवघा ०.६ टक्के भाग. पण तेवढ्यानं ते दार, मग ते शिसवी असलं तरी, २२ डेसिबलहून फारसं जास्त अडवू शकत नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं तेच: झिजलेली ब्रशपट्टी बदलली, दाराखाली रबरी पट्टी बसवली की रहदारीचा आणि हॉर्नचा आवाज लक्षात येण्याइतका उतरतो. बेस मात्र यानं थांबत नाही. त्याला जड भिंत हवी, नाहीतर त्याच्या उगमाशीच इलाज करायला हवा. अंगणातल्या अशोकाच्या रांगेकडून अपेक्षा ठेवू नये, पानांची एक ओळ आवाज फारसा अडवत नाही. स्वतःचा गोंगाटही बघावा: मिक्सरखाली जाड रबराचा तुकडा ठेवला तर ओट्याचा दगड त्याच्यासोबत थरथरत नाही आणि शेजारच्या फ्लॅटला चटणीची वेळ कळत नाही.

उगमापाशी इलाज म्हणजे नियम. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सणा-उत्सवांसाठी, राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. कुणाच्या घरचं लग्न त्यात बसत नाही. दहानंतर डेसिबलचा वाद घालायची गरजच नसते, ११२ ला फोन करून वेळ सांगितली की पुरे. निवासी भागात रात्री विनाकारण हॉर्न वाजवणंही याच नियमांनी बंद आहे, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल देव जाणे. गार्डनच्या मालकाशी बोलायचं तर दिवसा, भांडण नसताना बोलावं आणि नेमकं मागावं. स्पीकरची तोंडं आत वळवल्यानं वरचे सूर कमी होतील. बेस मात्र चहूकडे पसरतो, त्यासाठी डीजेवाल्याला सबवूफरचाच, म्हणजे बेसच्या स्पीकरचाच, आवाज कमी करायला सांगावं लागेल.

या सगळ्यात ज्यांचं कुणी नाव घेत नाही ते म्हणजे ढोलवाले, बँडवाले आणि डोक्यावर दिवे घेऊन वरातीसोबत चालणारी माणसं. ८५ डेसिबल आठ तास ही कामगारांसाठी वापरली जाणारी एक मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी जेमतेम १५-१६ हजार, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वरातीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो त्यांनी दिलेला इशारा समजावा. फोमचे इअरप्लग मेडिकलच्या दुकानात मिळतात, पण नुसते कोंबून उपयोग नाही: बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा.