चल आणि नियंत्रण (प्रयोगातील)

वैज्ञानिक प्रयोगात ज्या गोष्टीचे मूल्य बदलू शकते तिला चल म्हणतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत यालाच परिवर्त्य असे नाव आहे. प्रयोग करणारा जो मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल. त्या बदलाचा परिणाम ज्यावर मोजायचा तो अवलंबी चल. आणि लुडबूड करू नयेत म्हणून जे एकसारखे राखले जातात ते नियंत्रित चल. नियंत्रण ही यांहून वेगळी गोष्ट आहे. बाकी सर्व बाबतींत प्रयोगातल्या नमुन्यासारखा, पण स्वतंत्र चलाचा स्पर्श न झालेला तुलनेचा नमुना म्हणजे नियंत्रण. माणसांच्या बाबतीत त्याला नियंत्रण गट म्हणतात. नियंत्रित चल आणि नियंत्रण यांची गल्लत उत्तरपत्रिकांत हटकून होते.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मोलचा अर्धपर्ण प्रयोग येथे चांगला उपयोगी पडतो. कुंडीतले रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवून पानांतला स्टार्च संपवतात. मग मधोमध चिरलेल्या बुचात एक पान असे धरतात, की त्याचा अर्धा भाग बाटलीच्या आत आणि अर्धा बाहेर राहील. बाटलीत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. ते आतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. काही तास उन्हात ठेवल्यावर पानातले हरितद्रव्य काढून त्यावर आयोडीन टाकले, की बाहेरचा भाग निळा-काळा होतो (ही स्टार्चची खूण), आतला होत नाही. कार्बन डायऑक्साइड हा स्वतंत्र चल, स्टार्च हा अवलंबी आणि पानाचा बाहेरचा अर्धा भाग हे नियंत्रण. पान एकच असल्याने वय, जात, मुळांना मिळणारे पाणी यांचा प्रश्नच उरत नाही.

तरीही या मांडणीत एक फट आहे आणि बहुतेक वर्गांत ती कोणी विचारत नाही. आतल्या भागाभोवती काच आहे, कोंडलेली दमट हवा आहे. बाहेरच्या भागाभोवती नाही. म्हणजे दोन्ही भागांत फरक एकच नाही. काटेकोर प्रयोगात शेजारी दुसरी बाटली हवी आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड पुरवणारे खाण्याच्या सोड्याचे द्रावण हवे. त्या बाटलीतही पानाचा आतला भाग निळा-काळा झाला, तरच काचेवरचा संशय फिटतो.

माणसांवरच्या प्रयोगात असा एकच फरक राखणे फार कठीण. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये, आधी स्वतःला टोचून घेऊन, भायखळ्याच्या तुरुंगात ती दिली. कैद्यांचे अन्न, जागा आणि दिनक्रम सारखे, त्यामुळे तुलनेला तुरुंग सोयीचा होता. टोचून घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला. पण लस घेणारे स्वेच्छेने पुढे आले होते, आणि स्वेच्छेने पुढे येणारी माणसे मागे राहणाऱ्यांसारखीच असतात असे धरून चालता येत नाही.

१८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावी केलेली रचना त्याहून भक्कम होती. तेथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. पुढे गावात प्लेग आला तेव्हा टोचलेल्यांपैकी ८ जणांना तो झाला व ३ दगावले. न टोचलेल्यांपैकी २७ जणांना झाला व २६ दगावले. पिसवांमुळे प्लेग पसरतो ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य झालेली नव्हती. तरी एकाच छपराखाली राहणाऱ्यांना धोका जवळपास सारखाच होता. नियंत्रण नीट निवडले, तर माहीत नसलेले चलही दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. त्याचे खरे बळ यात आहे.

घर किंवा पान असे अर्धे करता आले नाही तर? इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर यादृच्छिकीकरणाचा, म्हणजे वाटणी नशिबावर सोडण्याचा, उपाय रूढ केला. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतला कस वेगळा असतो, म्हणून कोणत्या वाफ्याला कोणते खत हे प्रयोग करणाऱ्याने न ठरवता चिठ्ठ्यांवर सोडायचे, आणि तेही प्रत्येक खत अनेक वाफ्यांना देऊन. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांतले वाणांचे आणि खतांचे प्रयोग आजही याच धर्तीवर होतात. वैद्यकात हे तत्त्व ब्रिटनमधल्या क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने रुजले. १९४८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५५ रुग्णांना औषध व अंथरुणात विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती. कोण कोणत्या गटात हे बंद पाकिटांतून ठरले. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४, तर दुसऱ्यात १४ मृत्यू झाले.

नियंत्रणाचा आणखी एक प्रकार साधनाचीच परीक्षा घेतो. कोविडच्या घरगुती चाचणीच्या पट्टीवरची 'सी' ही रेघ तशी आहे. ती उमटली नाही, तर द्रव नीट पुढे सरकला नाही किंवा पट्टी बिघडलेली आहे. अशा वेळी संसर्ग दाखवणारी 'टी' रेघ दिसो वा न दिसो, चाचणी बाद ठरते.

नियंत्रण गटाला उपचारापासून दूर ठेवणे योग्य आहे का, हा वाद जुना आहे. स्ट्रेप्टोमायसिनच्या वेळी ब्रिटनमध्ये औषधाचाच तुटवडा होता, त्यामुळे सर्वांना ते देणे शक्यच नव्हते. ज्या आजारावर परिणामकारक उपचार आधीच उपलब्ध आहे, तेथे आता नियंत्रण गटाला सहसा तो चालू उपचार देतात आणि नव्या औषधाची तुलना त्याच्याशी करतात.